उसनी झोळी, पण हक्काची

हॅमॉक म्हटलं की आपल्याला दोन माडांना बांधलेली सुट्टीतली झोळी आठवते. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या माया लोकांचं मात्र ते रोजचं अंथरूण. घराच्या भिंतींत आकडे असतात. रात्री झोळी टांगायची, सकाळी गुंडाळायची. बाळं तिच्यातच झोपतात, आजारी माणूस तिच्यातच पडून राहतो. तिथल्या दमट उकाड्यात जाळीतून खालूनही वारा लागतो. गादीपेक्षा हे शहाणपणाचंच की!

विकणारे तिला सर्रास 'माया लोकांचा प्राचीन वारसा' म्हणतात. माझा आक्षेप त्या 'प्राचीन'ला आहे. दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १५६६ च्या सुमारास युकातानचं वर्णन लिहिलं. त्यात माया लोकांचा बिछाना म्हणजे बारीक काठ्यांचा माचा आणि वर चटई. 'हामाका' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. तेव्हा झोळी युकातानात तिकडूनच, बहुधा स्पॅनिशांच्या काळात आली, असं बरेच अभ्यासक मानतात.

याच लांदाने १५६२ साली मानी गावात माया लोकांचे ग्रंथ जाळले. आपल्यासारख्या ख्रिस्ती कॉलेजच्या अंकात हे स्पष्ट लिहायला हवं. ज्यांचे ग्रंथ गेले त्यांच्याकडे 'प्राचीनतेचा पुरावा' मागणारे आपण कोण?

आणि उसनी आणली म्हणून झोळी परकी होते का? माया लोकांनी ती आपल्या पद्धतीने घडवली. पूर्वी घायपातीच्या जातीच्या हेनेकेनचा वाख वापरत, आता सूत आणि नायलॉन. मेरिदाजवळचं तिशकोकोब गाव तर झोळ्यांसाठीच ओळखलं जातं. दोन उभ्या खांबांच्या चौकटीवर, अंगाच्या जाळीत एकही गाठ न मारता बायका ती विणतात. घरकाम सांभाळून एका मोठ्या झोळीला कित्येक आठवडे जातात.

आपला 'बटाटा' हा शब्दही मुळात ताइनोंचाच, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला. त्यांच्याकडे तो रताळ्याचा होता. म्हणून बटाटेवडा कमी मराठी ठरतो का?

वारसा म्हणजे नुसतं वय नव्हे. कुणीतरी रोज वापरतं, शिकतं, शिकवतं, म्हणून तो टिकतो. 'प्राचीन' या शब्दाला आपण पैसे मोजतो आणि विणणारीच्या आठवड्यांची मात्र घासाघीस करतो. मला वाटतं, किंमत त्या आठवड्यांची व्हावी.