औषध पिकवा, भूल पिकवू नका

चैत्र सरून वैशाख लागला की जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतच्या डोंगरउतारांवर, हिरड्याच्या झाडांखाली माणसांची लगबग सुरू होते. आठोळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ झाडून, उन्हात वाळवून त्याचा काळा बाळहिरडा करावयाचा आणि पावसाळ्यापूर्वी व्यापाऱ्याच्या काट्यावर नेऊन घालावयाचा, हा तेथील महादेव कोळी कुटुंबांचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम आहे. भाताचे बियाणे, मुलांची पुस्तके आणि मागच्या वर्षीची उसनवारी ही सारी याच फळाच्या भरवशावर असतात. औषधी वनस्पती हा शब्द शहरांत अलीकडे फार मानाचा झाला आहे. पण त्या शब्दाचा भार प्रत्यक्ष कोण वाहतो, हे आधी वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून आम्ही आरंभ येथून केला.

सांप्रत दोन दुखण्यांची बाजारात मोठी चलती आहे. एक, वर्षानुवर्षे न हटणारी गुडघ्याची, कंबरेची व सांध्यांची व्यथा; आणि दुसरे, मनाची घालमेल, झोप न लागणे व खिन्नता. या दोहोंवर निर्गुडी, अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी यांची नावे ज्याच्या त्याच्या तोंडी आहेत. साहजिकच ‘टोमॅटो व कांदा पुरे करा, आता अश्वगंधा लावा’ असा उपदेश नारायणगाव-मंचरच्या शेतकऱ्यास मिळू लागला आहे. औषधी वनस्पतींची लागवड व्हावी, हे आम्हांस सर्वथैव मान्य आहे. किंबहुना ती जंगलातून ओरबाडण्यापेक्षा शेतात पिकवावी, असेच आमचे मत आहे. परंतु औषध पिकवणे ही एक गोष्ट आणि दुखणाइताची आशा विकणे ही दुसरी. या दोहोंची सरमिसळ होऊ लागली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम जमिनीचा विचार करू. या दोन तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या धो धो पावसाची, तर पूर्व बाजू हलक्या पावसाची. अश्वगंधेच्या मुळास साचलेले पाणी खपत नाही, ते कुजते. तेव्हा आदिवासी पट्ट्यातल्या खाचरांत अश्वगंधा लावा म्हणणारा तज्ज्ञ एकतर पावसाशी अपरिचित असावा किंवा रोपे विकणारा असावा. पूर्वेकडील निचऱ्याच्या हलक्या रानात ती येऊ शकेल. पण मुळे काढण्यास पाच-सहा महिने लागतात आणि या मालाची मोठी पेठ मध्यप्रदेशात नीमचला आहे. घेणारा कोण व भाव काय, हे लेखी ठरल्याखेरीज बी टाकणे म्हणजे बाजारात तुरी, अशातला प्रकार होय. पश्चिमेकडे हिरडा आहे, बेहडा आहे, ओढ्याकाठी निर्गुडी तर शेळीही तोंड न लावता सोडून देते इतकी आहे. तिच्या पाल्याचा शेक दुखऱ्या सांध्याला देणे हा घरोघरचा, बिनखर्चाचा उपचार आहे. त्याने आराम वाटत असेल तर अवश्य घ्यावा.

आणखी एक भेद आहे, तो व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. हिरड्याचे फळ घेतले तरी झाड उभे राहते. सर्पगंधेचे मूळ घेतले की झाडच संपते. रानातली मुळे खणून खणून सर्पगंधा इतकी दुर्मिळ झाली की 1990 साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

या सर्पगंधेची हकीकत प्रस्तुत विषयाला फारच बोधप्रद आहे. आपल्या देशात वेडावर व निद्रानाशावर तिचे मूळ परंपरेने देत असत. 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग करून त्याचा वृत्तांत इंग्लंडातील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला आणि जगाचे डोळे उघडले. 1952 साली स्वित्झर्लंडात तिच्यातले रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. आमच्या मुळीने जगातील वेड्यांच्या इस्पितळांत शांतता आणली, याचा अभिमान कोणास वाटणार नाही? परंतु पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. हेच द्रव्य घेणाऱ्यांपैकी काहींस घोर खिन्नता येते, असे अनुभव पुढे वैद्यांनी नोंदविले. मन शांत करणारी मुळी मन बुडवूही शकते! झाडपाला आहे, त्याने अपाय काय होणार, असे म्हणणाऱ्यांस आमचे हे उत्तर आहे. ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असणारच. त्यांच्यामध्ये उभे असते ते केवळ प्रमाण, आणि प्रमाण ठरविणे हे जाहिरातदाराचे काम नव्हे. अश्वगंधेने मनाचा ताण काहीसा हलका होतो असे लहान लहान प्रयोगांत आढळले आहे. पण यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत, आणि डेन्मार्कने 2023 साली तिच्यावर बंदी घातली.

कायद्याकडे पाहू जाता तो मुका नाही. 1954 च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने संधिवात, वेड व मज्जादौर्बल्य यांवरील हमखास इलाजाच्या जाहिरातीस मनाई केली आहे. तरीही आठवडे बाजारात ‘सात दिवसांत गुडघे मोकळे’ अशी चूर्णाची पुडी राजरोस विकली जाते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत वेदना थांबते, रोगी दुवा देतो, आणि वर्षाने हाडे ठिसूळ होऊन व साखर वाढून तो इस्पितळात येतो. यात बदनाम कोण होते? पुडीवाला नव्हे, तो पुढच्या गावी गेलेला असतो. बदनाम होते ती निर्गुडी, बदनाम होते आयुर्वेद.

कोणी म्हणेल, तुम्ही स्वदेशी विद्येचा कैवार सोडून परक्यांची री ओढता. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. डॉ. वकिलांनी सर्पगंधेची कसोटी घेतली म्हणून ती जगन्मान्य झाली. नुसत्या गर्वाने झाली नसती. स्वतःच्या मालावर विश्वास असेल त्याने ‘हा सूर्य, हा जयद्रथ’ म्हणून पुरावा पुढे ठेवावा.

आता मनाच्या दुखण्याविषयी दोन शब्द. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराच्या कड्याखाली गाडले गेले व सुमारे दीडशे माणसे गेली. मागे उरलेल्यांच्या दुःखास कोणता काढा पाजावयाचा? 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने हिरड्याची झाडे व फळे झोडपली. भरपाईकरिता आदिवासींना मोर्चे काढावे लागले. टोमॅटोचा भाव पडून तो रस्त्यावर ओतावा लागतो, तेव्हा कर्जदार शेतकऱ्याची झोप उडते. त्याला शंखपुष्पी देणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अशा दुःखाला सोबत लागते, न्याय लागतो, आणि प्रसंगी मनोविकारतज्ज्ञही लागतो. जीव नकोसा वाटणाऱ्याने पुडी शोधू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे, तो फिरवावा. त्यात लाज ती कसली?

तेव्हा करावे काय? 2006 च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींस दिला आहे, आणि औषधी वनस्पती त्यात स्पष्टपणे येतात. ग्रामसभांनी हा हक्क बजावून आपला हिरडा एकत्र विकावा. 2013-14 पासूनच्या आधारभूत किंमत योजनेच्या यादीत हिरडा आहे. पण यादीत नाव असणे आणि हंगामात काटा उघडा असणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. सरकारने हे अंतर मिटवावे. व्यापाऱ्यांनी माल कोणत्या गावचा, केव्हाचा, हे पोत्यावर लिहावे, भेसळीची तपासणी करून घ्यावी, आणि शुद्ध मालास शुद्ध भाव द्यावा. गिऱ्हाइकाने जुनाट दुखणे आधी डॉक्टरास दाखवावे, आणि जो काढा वा चूर्ण घेतो ते त्याच्यापासून लपवू नये.

नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने व्यापार चालत असे, आणि तो वर्षानुवर्षे चालला याचा अर्थ घेणाऱ्याचा देणाऱ्यावर विश्वास होता. जुन्नरच्या व्यापाऱ्यांचा वारसा तो आहे. दुखणाईत माणूस सौदा करण्याच्या स्थितीत नसतो. तो मागितला तो भाव देतो आणि सांगितले ते खरे मानतो. त्याच्या असहायतेवर जो नफा काढतो, त्याचा धंदा कायद्याच्या कचाट्यात सापडो वा न सापडो, आम्ही त्याला व्यापार म्हणणार नाही.