लोकेशन टाकू नका

परवा रात्री साडेदहाला फोनवर एक मेसेज आला. नंबर ओळखीचा नव्हता, भाषा मात्र एकदम अदबीची. "सर, तुमच्या कर्जत भागात काळवीट हमखास कुठं दिसतात? रेहेकुरी नको, तिथं गार्ड असतात. बाहेरचा एखादा चांगला स्पॉट सांगा. रात्री गाडी आत जाईल असा."

बंदुकीचा शब्दही नाही त्यात. पण मंडळी, फोटो काढणारा माणूस उजेडाचं विचारतो. सकाळी किती वाजता यावं, ऊन कुठल्या बाजूनं येतं, हे त्याचे प्रश्न. ज्याला अंधार पाहिजे, गाडी आत न्यायचीय आणि गार्ड नकोय, त्याला फोटो नकोय. तो नंबर मी वन खात्याकडं दिला. पण झोप काही लागली नाही. कारण हा प्रश्न त्यानं मलाच का विचारला, ते मला ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी मीच एक बातमी केली होती. उन्हाळ्याचे दिवस, एका माळावरच्या छोट्या पाझर तलावावर हरणांचा मोठा कळप पाण्याला येतो, अशी. फोटो झकास आला होता. मी गावाचं नाव दिलं, तलावाचं नाव दिलं, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं तेही लिहिलं. का? तर वाचकांना बघायला जाता यावं म्हणून. लोकांनी कौतुक केलं, मीही खूश. महिनाभरानं तिथल्याच एका मेंढपाळानं बोलावून घेतलं. पाण्याकडं जाणाऱ्या वाटेवर बाभळीच्या बुंध्याला बांधलेले तारेचे फास त्यानं दाखवले. एकात कातडीचा तुकडा अडकलेला होता. म्हातारा मला एवढंच म्हणाला, "तुम्ही पेपरात पत्ता छापला, सायब." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून ही पोस्ट. आणि म्हणूनच या पोस्टमध्ये रेहेकुरी सोडून आपल्या जिल्ह्यातल्या एकाही माळाचं नाव येणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. शिकारीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं? नेम धरणं नव्हे. बंदूक आणि गाडी पैसे टाकले की मिळते. अवघड असतं ते जनावर शोधणं. कळप कुठल्या माळावर चरतो, दुपारी कुठल्या बोरीबाभळीच्या सावलीला बसतो, पाण्याला कुठल्या वाटेनं उतरतो, हे कळायला त्या रानात वर्षं काढावी लागतात. पूर्वी ही माहिती मेंढपाळ, गुराखी, शेतकरी आणि वनरक्षक यांच्याजवळ असायची. बाहेरच्याला ती हवी असेल तर गावातला कुणीतरी फोडावा लागायचा. तेवढाच त्या जनावराला आधार होता.

तो आधार आपण काढून घेतला, तोही फुकटात. आज पुण्या-मुंबईचा माणूस घरी बसून रील बघतो. पोरगं मोटारसायकल माळात घालून कळपामागं पळवतंय, खाली गावाचं नाव, वर लोकेशन, आणि कमेंटमध्ये पन्नास जण विचारतायत, "भावा, नेमकं कुठं?" आणि भाऊ सांगतो! पिन टाकतो! अरे, तुझ्या आजोबानं हे कुणा परक्याला सांगितलं नसतं रे.

काळवीट हे जनावर कसं राहतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पत्ता फुटला की काय होतं ते लक्षात येईल. हे दाट जंगलात लपणारं जनावर नाही. उघड्या गवताळ माळावर राहतं, दूरवर बघतं, आणि धोका दिसला की पळतं. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. रात्री हॅलोजनच्या झोतात डोळे दिपले की हे दोन्ही निकामी होतात. त्यात माजावरचा नर आपली हद्द धरून बसतो. लेंड्यांचे ढीग घालून, डोळ्याजवळच्या ग्रंथीचा वास काडीकुडीला लावून तो जागा राखतो. आज जिथं दिसला तिथंच उद्या आणि परवाही दिसतो. मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते, आणि ते पाडसू हलत नाही. म्हणजे तुम्ही टाकलेलं लोकेशन दुसऱ्या दिवशी शिळं होत नाही. ते आठवडेच्या आठवडे खरं राहतं.

"मग अभयारण्य आहे ना?" असं कुणी म्हणेल. आहे. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य 1980 साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र किती? 2.17 चौरस किलोमीटर. म्हणजे साधारण 217 हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान. काळवीट काही गट नंबर बघून चरत नाही. कळप बाहेर पडतात, ज्वारीत जातात, हरभऱ्यात जातात, गायरानात बसतात. त्यांचा खरा जगण्या-मरण्याचा प्रश्न त्या रेषेबाहेरचा आहे. आणि ते शिकाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मेसेजवाल्यानं "रेहेकुरी नको" उगाच नाही म्हटलं.

माळढोकाचं काय झालं ते आठवा. 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य झालं, कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. शेतं, गावं, रस्ते, सगळं आत. लोक वैतागले, आणि त्यांचं वैतागणं बरोबर होतं. पुढं ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर माळच राहिला नव्हता. गवताळ माळाला सरकारी दप्तरात आपण पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला मोकळीक. झाडं लावा, नांगरा, मुरूम काढा, प्रकल्प टाका. माळढोक आज आपल्या भागात बघायला मिळत नाही. काळवीट अजून आहे. त्याला "स्पॉट" करून टाकायचं की नाही, एवढंच आपल्या हातात उरलंय.

आता काही हुशार मंडळी अमेरिकेचा दाखला देतात. "तिकडं पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे, लोक कुटुंबासह जातात, उत्तरेकडच्या जंगलात चांगल्या जागा शोधायची पुस्तकं निघतात, मग आपल्याकडंच काय एवढं?" बरं. तिकडचं पूर्ण सांगा ना मग. तिकडं तेच हरीण अमर्याद शिकारीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार संपत आलं होतं. नंतर त्यांनी नियम कडक केले. आज तिथं लायसन्स लागतं, हंगाम ठरलेला असतो, एका माणसानं किती मारायची ते ठरलेलं असतं. शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना देण्याचा कायदा तिथं 1937 सालीच झाला. आज ती हरणं कोटींच्या घरात आहेत. आपल्याकडं 2.17 चौरस किलोमीटर आहे. तुलना करताना लाज वाटली पाहिजे.

आणि आपल्याकडचा कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972. काळवीट अनुसूची एकमध्ये, म्हणजे वाघाच्याच रांगेत. चिंकाराही तिथंच. या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. मोटारसायकलनं कळप पळवत रील काढणाऱ्या पोरांनो, त्यातला "हाकणं" हा शब्द पुन्हा एकदा वाचा.

कायद्यानं काय होतं, असंही विचारतात. सलमान खानचं उदाहरण देतात. जोधपूरजवळच्या कांकाणीची घटना 1998 ची, शिक्षा झाली 5 एप्रिल 2018 ला, पाच वर्षांची, आणि दोन दिवसांत जामीन. कबूल, वीस वर्षं लागली. पण ते प्रकरण वीस वर्षं जिवंत कुणी ठेवलं? बिष्णोई गावकऱ्यांनी. एवढ्या मोठ्या नटासमोर साधी माणसं साक्षीला उभी राहिली आणि हलली नाहीत. तिथं गाव हरणाच्या बाजूनं होतं. आपल्याकडं गाव कुणाच्या बाजूनं आहे? खरा प्रश्न हा आहे.

इथं शेतकऱ्याचं ऐकलंच पाहिजे. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे. दुबार पेरणी करून उगवून आलेला हरभरा एका रात्रीत कळपानं खुडून नेला की काय वाटतं ते मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. हरणानं केलेल्या पीक नुकसानीला सरकारी भरपाई आहे. पण त्यासाठी तीन दिवसांत कळवायचं, मग पंचनामा, मग कागद, मग फेऱ्या. हातात येणारी रक्कम बघून माणूस पुढच्या खेपेला अर्जच करत नाही. आणि मग एखाद्या रात्री जीप शिवारात शिरली तर तो कूस बदलून झोपतो. "मरू दे, तेवढंच पीक वाचेल." वन खात्याच्या साहेबांनो, शिकाऱ्याला सगळ्यात मोठी मदत तुमच्या टेबलावर पडून राहिलेला तो अर्ज करतो. गस्तीच्या गाडीत डिझेल टाका, जरूर टाका. पण भरपाई वेळेत दिलीत तर प्रत्येक बांधावर तुमचा एक राखणदार तयार होईल, बिनपगारी.

आणखी एक गोष्ट, जी बोलली की लोकांना झोंबते. माळावर हरणाचं मुंडकं सापडलं की पहिली धाड कुठं पडते? पारध्याच्या पालावर. पुरावा नंतर, धाड आधी. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. 1952 साली तो शिक्का कायद्यातून पुसला, आपल्या डोक्यातून पुसला नाही. कुणी पारधी फास लावत नाही असं मी म्हणत नाही. गुन्हा केला तर कायदा सगळ्यांना सारखा. पण हॅलोजन, जीप, रायफल आणि नंतर फार्महाऊसवरची पार्टी, हा खर्च पालातल्या माणसाला परवडतो का? एवढा साधा हिशोब आपण करत नाही. हौशी शिकारी टोलनाका ओलांडून निघून जातो आणि मार खातो तो पालावरचा. याला आपण पत्रकारही जबाबदार आहोत. पोलिसांनी दिलेली प्रेसनोट जशीच्या तशी छापली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो.

हरणं बघूच नयेत का मग? बघा ना! पोरांना घेऊन बघा. रेहेकुरीला रीतसर जा. शेजारी पुणे जिल्ह्यात बारामती-इंदापूरकडं वन विभागानं गवताळ माळांची सफारी सुरू केली आहे. ठरलेली वाट, नोंदणी, सोबत वाटाड्या. तसं आपल्या जिल्ह्यात का नको? गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून घ्या, त्यांच्या हातात चार पैसे पडू द्या. ज्या पोराचं पोट कळपावर आहे, तो पोरगा कुणाला पिन टाकणार नाही.

तोवर हात जोडून एवढंच सांगणं आहे.

फोटो टाका, पण गाव, तलाव, फाटा लिहू नका. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशनचं बटण असतं, ते बंद करा. कुणी "नेमकं कुठं?" विचारलं तर "रेहेकुरीला या" म्हणा आणि गप्प बसा. रात्री माळावर अनोळखी गाडीचा झोत दिसला तर स्वतः पुढं होऊ नका. गाडीचा नंबर मिळाला तर टिपा आणि वन विभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा. आणि माझ्या पत्रकार मित्रांनो, "येथे दिसतात हरणांचे कळप" अशी बातमी करायचा मोह झाला, तर आधी मला फोन करा. तो फास मी जपून ठेवलाय. टेबलाच्या खणातच आहे, दाखवतो.

राहता राहिला तो मेसेजवाला. भाऊ, तू ही पोस्ट वाचशील असं वाटतं, कारण तुझ्यासारखे लोक आमच्या पोस्टी फार बारकाईनं वाचतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. चार-पाच जागा डोळे मिटून सांगू शकतो. एकदा सांगून बसलोय. आता सांगणार नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू. फक्त तिथंही लोकेशन टाकू नका.