साबुदाण्याएवढ्या गोळीचे गुपित
कडू औषधाला तोंड फिरवणारी मुले होमिओपॅथीच्या गोळ्या मात्र मागून खातात! 1790 मध्ये जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी हिवतापावर दिली जाणारी सिंकोनाची साल धडधाकट असताना स्वतः घेतली. त्यांना तापासारखीच लक्षणे जाणवली. काट्याने काटा काढावा, तसे हे तत्त्व: जे त्रास देते, तेच अगदी थोडे दिले की बरे करते.

किती थोडे? ‘30 सी’ म्हणजे शंभरपट पातळ, तेही 30 वेळा. खरे तर 12 वेळांनंतरच मूळ औषधाचा एखादा रेणू उरला तर उरला. शास्त्रज्ञांचा आक्षेप इथेच आहे. दिल्लीत डेंग्यूच्या दिवसांत ताप आला, तर गोळ्यांवर विसंबू नका, आधी रक्त तपासा.