पाना आणि पेटी

परवा रविवारी जेवणं आटोपल्यावर नातीनं मोबाईल पुढ्यात धरला. "आजोबा, तुमच्या लोंढ्याचा पिक्चर!" नाव होतं 'द लोनडेल ऑपरेटर'. आपल्या लोंढ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा १९११ सालचा अमेरिकन मूकपट, बायोग्राफ कंपनीचा, दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. जेमतेम १७ मिनिटांचा. खानापूरहून आक्का आली होती, तीही बसली. सूनबाई आली. मूकपटच तो, त्यामुळे मराठी की कन्नड हा आमच्या घरातला नेहमीचा वाद निघालाच नाही.

गोष्ट साधी. आडबाजूच्या स्टेशनचा तारमास्तर आजारी पडतो आणि त्याची मुलगी यंत्रावर बसते. हे काम करणारी ब्लांच स्वीट चित्रीकरणाच्या वेळी अवघी १४ वर्षांची होती. गाडीनं खाणीच्या पगाराची थैली येते, पाठोपाठ दोन भामटे. मुलगी दार लावून घेते, तार ठोकते. तिचा इंजिन ड्रायव्हर मित्र गाडी भरधाव सोडतो. इकडे चोर दार फोडतात. मुलगी दिवा मालवून अंधारात हात रोखून उभी राहते, आणि चोर जागीच थिजतात.

"अज्जी, अदु पिस्तूल अल्ल!" नात ओरडली.

खरंच, तो पाना होता. ड्रायव्हर येऊन पोचतो तेव्हा तो पडद्यावर मोठा करून दाखवतात, आणि चोर टोप्या काढून मुलीला मुजरा करतात. मूळ प्रतीत अंधाराचा भास व्हावा म्हणून हा प्रसंग निळ्या रंगात बुडवलेला होता. आमच्या प्रतीत निळा रंग नव्हता, म्हणून नातीला आधीच कळलं.

नंतर मी या चित्रपटावर जाणकारांनी काय म्हटलंय ते वाचलं. कौतुक आहे ते कात्रीचं. ऑफिस, इंजिन, पुन्हा ऑफिस, असे जवळजवळ शंभर तुकडे जोडून ग्रिफिथनं जीव टांगणीला लावला. रेमों बेलूर या फ्रेंच अभ्यासकानं १९८० मध्ये या आलटूनपालटून सांगण्यावर बारकाईनं लिहिलं. त्या काळी बायोग्राफ कंपनी ना नटांची नावं जाहीर करी, ना दिग्दर्शकाचं. कंपनी सोडल्यावर ग्रिफिथनं १९१३ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपलं श्रेय मागून घेतलं. ज्यानं मागितलं त्याला मिळालं.

हे वाचताना मी जरा चपापलो. कारण आमच्या घरीही एक गोष्ट आहे, आणि ती गेली पन्नास वर्षं मीच सांगत आलोय.

१९७४ साली आण्णांना पक्षाघात झाला. मी हुबळीला नोकरीला. गावात आमची पिठाची गिरणी, मोटार कर्जावर घेतलेली. हप्ते थकले आणि मोटार उचलायला दोन माणसं आली. निरोप मिळाल्यावर मी कशी उसनवारी केली, रात्रीची गाडी कशी धरली, पहाटे गावात शिरून पैसे त्यांच्यापुढे कसे टाकले, हे प्रत्येक लग्नकार्यात मी रंगवून सांगितलं. "भावानं गिरणी वाचवली," असं पाहुणे म्हणत, आणि आक्का आतून चहा आणून देई.

पण ती रात्र? माणसं आदल्या दुपारीच आली होती. मी पोचेपर्यंत मोटार जागेवर राहिली कशी, हे मी कुणाला सांगितलं नाही. आक्का गिरणीच्या दारात पेटी मांडीवर घेऊन बसली होती. "पैसे यात आहेत. किल्ली भावाकडं. सकाळी येतोय, मोजून घ्या." रात्रभर हलली नाही. पेटीत दळणाच्या हिशेबाची वही होती, दुसरं काही नाही.

मी मोबाईल खाली ठेवला आणि पेटीची गोष्ट नातीला, सुनेला सांगितली. आक्कासमोर, पहिल्यांदाच. सून उठून आक्काच्या पाया पडली.

आक्कानं पदर सारखा केला. म्हणाली, "त्या पोरीनं पाना चांगला धरलाय, हात हलला नाही तिचा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "माझा हलत होता रे. म्हणून तर पेटी मांडीवर घेतली होती."