धर्म नव्हे, करसवलत धोक्यात होती!

अमेरिकेत निवडणूक आली की आमच्या ग्रुपवर दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "ख्रिस्ती धर्मच मुळात प्रतिगामी, बघा सगळे ट्रम्पच्या मागे." दुसरं, "ख्रिस्ती धर्म समतेचा आहे, हे ट्रम्पवाले खरे ख्रिस्ती नव्हेत." आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. दोन्ही आळशी आहेत. एकदा धर्मग्रंथावर बोट ठेवलं की सत्तेचा हिशोब तपासायची गरजच उरत नाही.

तर हिशोब तपासू. तिथला ख्रिस्ती उजवा गट स्वतःची जन्मकथा अशी सांगतो: १९७३ साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताला मान्यता दिली, श्रद्धाळू माणूस हादरला आणि राजकारणात उतरला. छान कथा आहे. पण सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे तिथली सर्वात मोठी प्रोटेस्टंट संघटना, १९७१ साली काय ठराव करत होती? बलात्कार झाला असेल, गर्भात गंभीर व्यंग असेल, आईच्या शरीराला किंवा मनाला इजा होणार असेल, तर गर्भपाताची मुभा देणाऱ्या कायद्यासाठी आपल्या लोकांनी काम करावं! कोर्टाच्या निकालानंतर १९७४ सालीही त्यांनी ही भूमिका सोडली नाही. कॅथॉलिक चर्चचा विरोध जुना होता, ते आम्ही नाकारत नाही. पण प्रोटेस्टंट पुढारी वर्षानुवर्षं थंड होते. मग पेटले कशावरून?

शाळांवरून. १९५४ साली कोर्टाने सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी पोरं काढून घेतली आणि स्वतःच्या खासगी शाळा काढल्या. त्यातल्या कित्येक चर्चच्या होत्या आणि त्यांना करसवलत होती. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीचे काळे पालक कोर्टात गेले: आमच्या लेकरांना दार बंद करणाऱ्यांना सरकार सवलत का देतं? १९७१ साली निकाल लागला, अशा शाळांना सवलत नाही. बॉब जोन्स युनिव्हर्सिटी ही बायबलच्या नावाने चालणारी संस्था. १९७१ पर्यंत तिथे काळ्यांना प्रवेशच नव्हता. नंतर दिला, तो फक्त विवाहितांना. कारण? काळा पोरगा गोऱ्या पोरीच्या प्रेमात पडेल! (खैरलांजी, खर्डा पाहिलेल्यांना ही भीती समजावून सांगायला नको.) १९७६ साली तिची सवलत गेली आणि 'धर्मस्वातंत्र्यावर घाला' अशी बोंब सुरू झाली. उजव्यांचे संघटक पॉल वेरिक यांनी पुढे स्वतः कबूल केलं की धर्मगुरूंना हलवलं ते या करसवलतीच्या प्रश्नाने, गर्भपाताने नव्हे.

जेरी फॉलवेलचं उदाहरण तर बघाच. १९६५ साली काळे लोक मतदानाच्या हक्कासाठी मार खात होते, तेव्हा हे पाद्री प्रवचनात सांगत होते की धर्मगुरूचं काम आत्मे वाचवण्याचं, राजकारणाचं नाही. १९७९ साली याच गृहस्थांनी 'मॉरल मेजॉरिटी' काढली. पुढच्याच वर्षी रेगन यांना निवडून आणायला ती राबली. समोर जिमी कार्टर होते, चर्चमध्ये बायबल शिकवणारे बाप्टिस्ट! श्रद्धाच हवी होती, तर ती कार्टरकडे होती.

पण करसवलतीसाठी लोक रस्त्यावर येत नाहीत, गर्भातल्या बाळासाठी येतात. आपल्याकडे ऑगस्ट १९९० मध्ये मंडल जाहीर झालं आणि सप्टेंबरात सोमनाथहून रथ निघाला. जास्त सांगायला नको.

आता "ख्रिस्ती धर्मच तसा" म्हणणाऱ्यांना प्रश्न. मार्टिन ल्यूथर किंग कोण होते? बाप्टिस्ट पाद्रीच ना? १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी पत्र लिहिलं ते 'जरा थांबा' म्हणणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना. त्याच वर्षी तिथल्या काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. बायबल एकच. २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांतल्या दहापैकी आठांनी ट्रम्पना मत दिलं, आणि काळ्या चर्चमधल्या बहुसंख्यांनी विरोधात. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन तर १८४५ साली जन्मलीच मुळी गुलामांच्या मालकांना मिशनरी होता यावं या भांडणातून. माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षांनी!

हे सगळं वाचून आपले बौद्ध तरुण खूश होतील. थांबा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माला बांधला. शिखांना तो १९५६ साली मिळाला, आपल्याला १९९० साली. तोवर केंद्र आपल्याला हेच ऐकवत होतं: धर्म बदललात, आता सवलत कशाला? दलित ख्रिश्चन आजही दाराबाहेर आहेत. चर्चमध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागा, मेल्यावर वेगळी दफनभूमी, हे अनेक ठिकाणी आहे. धर्मांतरितांच्या चर्चमध्येही जात टिकून आहे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. आणि आमच्याच काही मंडळींचं उत्तर काय? "त्यांच्या धर्मात जात नाही, मग आरक्षण कसलं? आमच्या वाट्यातलं कशाला?"

हे वाक्य मागच्या महिन्यात आमच्याच बैठकीत एका कार्यकर्त्याने म्हटलं. आम्ही त्याला विचारलं, तू बॉब जोन्सचा विद्यार्थी का? त्याला नाव माहीत नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

जय भीम!