चौथा नट



या सदरात आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले आणि जातपडताळणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. मोटारीच्या चाकाचा एक नट, त्याची हरवलेली चाबी आणि त्यापायी आमच्या हातून घडलेली एक चूक. नुसती गाडी बिघडली असती तर सदराची जागा अडवली नसती.

आमच्या भाचीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रे तपासून घ्यायला वर्ध्याला जायचे होते. दुपारी एकच्या आत हजर राहणे आवश्यक होते. नागपूर ते वर्धा अंतर सुमारे ७५ किलोमीटर. बहीण, भाची आणि आम्ही सकाळी नऊ वाजता निघालो. गाडी आम्ही तीन वर्षांपूर्वी जुनी विकत घेतलेली. आमच्या घराण्यातली ही पहिली चारचाकी.

बुटीबोरी मागे टाकली आणि गाडी डावीकडे ओढू लागली. सावली पाहून थांबू म्हणून आम्ही तशीच फर्लांगभर पुढे नेली. हे करू नये. मागचे डावे चाक बसले होते आणि हवा नसताना चालवल्याने टायरची बाजू रिमखाली चिरडून फाटली होती. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा नुसता तळाला घुसला असेल तर पंक्चरवाला चाक न काढताही चिकट पट्टी भरून देतो. बाजू फाटली की तो इलाज नाही. स्टेपनीच लावावी लागते.

जॅक काढला, पाना लावला. तीन नट निघाले. चौथ्यावर पाना नुसता गरगर फिरू लागला. नीट पाहिले तर तो नट बाहेरून गोल, गुळगुळीत आणि तोंडावर नक्षीसारख्या खाचा. ॲलॉय चाके महाग असतात. रात्री चोर गाडी विटांवर टेकवून ती काढून नेतात. म्हणून प्रत्येक चाकाला असा एक कुलपाचा नट लावतात. त्याच्या खाचांत बसणारी छोटी गोटी वेगळी मिळते. तीच त्याची चाबी. ती नसली तर चोर आणि मालक दोघे सारखेच!

डिकी उपसली, चटया उचलल्या, समोरचा कप्पा रिकामा केला. चाबी नाही. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. वर्ध्याकडे जाणारी एसटी दिसताच आम्ही हात केला आणि चालकानेही भलेपणाने गाडी थांबवली. बहिणीला व भाचीला चढवले. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही एकटे काय कराल?" आम्ही म्हटले, "आमचं सोड, तू फाईल सांभाळ."

बस गेली आणि आमचा राग वर आला. महिन्यापूर्वी एका दुकानात आम्ही चाके काढून अलाइनमेंट करून घेतले होते. चाबी शेवटची तिथेच वापरली गेली. आम्ही दुकानाच्या मालकाला फोन लावला आणि म्हणालो, "तुमच्या पोराने आमची चाबी ठेवून घेतली." मालक तिकडे त्या मुलावर ओरडत असल्याचे आम्हाला फोनवर ऐकू आले. खोटे कशाला सांगावे? ऐकून बरे वाटले.

बुटीबोरीहून मोटारसायकलवर एक मिस्त्री आले. नट पाहून म्हणाले, "भाऊ, याची चाबी नाही तर मेहनत लागते." त्यांनी नटापेक्षा किंचित लहान मापाची जुनी गोटी घेतली आणि हातोड्याने ठोकून ठोकून नटावर घट्ट बसवली. मग पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून जोर दिला. कर्रकन आवाज झाला आणि नट सुटला. नट वाया गेला, गोटीही त्यातच अडकून बसली. त्यांनी सहाशे रुपये घेतले, ते योग्यच होते. काही वेळा अशा नटावर दुसरा नट वेल्डिंग करून तो काढतात, पण ते काम गॅरेजमध्येच करावे, असे ते म्हणाले.

आम्ही वर्ध्याला पोहोचलो तेव्हा भाची पावती घेऊन दारातच उभी होती. तिचे काम झाले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर विम्याचा कागद पाहायला गाडीची फाईल उघडली. आत एक पाकीट होते. त्यावर आमच्याच अक्षरात लिहिलेले, 'महत्त्वाचे'. पाकिटात चाबी होती.

कारकुनी सवय! महत्त्वाची वस्तू म्हणून आम्ही ती गाडीतून काढून फाईलला लावून ठेवली होती आणि पार विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुकानात गेलो. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. मालकाने त्याची त्या दिवसाची मजुरी कापली होती. चार गिऱ्हाइकांसमोर आम्ही सांगितले की चाबी आमच्याच घरी होती, दोष आमचा आहे, याची मजुरी याला परत द्या. मालकाने ती दिली. मुलगा एवढेच म्हणाला, "काकाजी, मी तर तुमच्या हातातच दिली होती. तेव्हा कोणी विचारलंच नाही."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणत्या वस्तीवर यायचा, हे आपण आजोबा-पणजोबांच्या तोंडून घरोघर ऐकले आहे. चौकशी नंतर, मार आधी. त्याच वस्तीतून वर आलेले आम्ही, हातात फोन आणि खाली चारचाकी आली तेव्हा कष्टकऱ्याच्या पोरावर न विचारता आळ घेऊन मोकळे झालो. तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा आपल्या तर्काला पटते, एवढ्यावरून काही खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा. आम्ही ते विहारात इतरांना समजावून सांगतो. आमचा तर्कही आम्हाला पटलेलाच होता, फक्त फाईल उघडून पाहिली नव्हती.

आता कामाच्या गोष्टी. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला स्वतःच्या गाडीने जाणारी कुटुंबे आपल्यात आता पुष्कळ आहेत. निघण्यापूर्वी चाकांना कुलपाचा नट आहे का ते पाहा. असल्यास चाबी गाडीतच, स्टेपनीजवळ ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी ती जागा दाखवा. चाबीबरोबर सांकेतिक क्रमांकाचे कार्ड येते. ते मात्र घरी ठेवा. त्या क्रमांकावरून दुसरी चाबी मागवता येते. मिस्त्रीला ही चाबी हवेच्या गनवर लावू देऊ नका, ती तुटते. काम झाले की ती मोजून परत घ्या.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. स्टेपनीचाही आकडा आणि हवा पाहा. चाक बदलताना गाडी सपाट जागी, गिअरमध्ये व हँडब्रेक लावून ठेवा, दुसऱ्या चाकाला दगडाची ओट द्या. नट आधी जमिनीवरच सैल करा, मग जॅक चढवा. कसताना समोरासमोरचे नट आळीपाळीने कसा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. द्रुतगती मार्गावर मात्र चाकाशी झटत बसू नका. गाडी कडेला घ्या, मागे त्रिकोण ठेवा, मुलाबाळांना कठड्यापलीकडे उभे करा आणि मदत बोलवा. संकटात ११२ क्रमांक आहेच.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही त्या मुलाला बोलावले, त्याचे मानधन ठरवून. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी केली होती. ते ज्ञान त्या मुलाच्या हातात होते आणि आमच्या पदवीत नव्हते. अंगणात त्याने चाक काढून दाखवले. मग विचारले, "आता कोण काढणार?"

भाची पुढे झाली. कुलपाची चाबी तिने चौथ्या नटावर बसवली, पान्यावर जोर दिला आणि नट सुटला. काम झाल्यावर तिने चाबी पुसून त्या मुलाच्या हातात दिली. त्याने ती आमच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काकाजी, दिली बरं का!"

सगळे हसले. आम्हीही हसलो आणि चाबी स्टेपनीजवळ ठेवून आलो.

जयभीम.