पोळी सोडायच्या आधी रक्त तपासा!



पोट फुगलं, जुलाब लागले, अंगावर पित्त उठलं की आजकाल एकच सल्ला मिळतो: गहू बंद करा, दूध बंद करा. जिममधला पोरगा तेच सांगतो, मोबाइलवरचे डॉक्टर तेच सांगतात. लातूरला क्लाससाठी राहणारं लेकरू मेसच्या जेवणानं आजारी पडलं, तर गावाकडून फोनवरही तेच. आमचं सांगणं उलटं आहे. गव्हाचा संशय असेल तर तपासणी होईपर्यंत पोळी खात राहा.

सिलिअ‍ॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. ही लढाई चालू असताना रक्तात जी प्रतिद्रव्यं असतात, ती टीटीजी-आयजीए या चाचणीत दिसतात. गहू सोडला की ती हळूहळू उतरू लागतात आणि काही महिन्यांत रिपोर्ट कोरा येऊ शकतो. मग खरं काय ते कळायला पुन्हा आठवडेच्या आठवडे रोज गहू खाऊन आजार अंगावर ओढून घ्यावा लागतो. म्हणजे ज्यानं घाईनं पथ्य सुरू केलं, त्यानंच पुरावा पुसला.

आणि पुरावा लागतोच, कारण हे पथ्य जन्मभराचं असतं. लग्नात, सणाला, प्रवासात पाळायचं असतं. म्हणून रक्तात दोष दिसला तर दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून खात्री करतात. सोबत आयजीए या प्रकारच्या प्रतिद्रव्यांचं एकूण प्रमाणही मोजून घ्या. ते मुळातच कमी असलेल्या माणसात टीटीजी-आयजीए फसते.

"हा पंजाब्यांचा आजार, आपला नाही," असं ऐकायला मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या पाहणीत उत्तरेत शंभरात एकाहून थोड्या जास्त, तर दक्षिणेत हजारात एका माणसाच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं आढळली. आनुवंशिक कल दोन्हीकडे फारसा वेगळा नव्हता. ताटातल्या गव्हात मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. आपल्या आज्यांच्या घरी रोज ज्वारीची भाकर आणि सणाला पोळी होती. आज रेशनचा गहू दर महिन्याला घरात येतो, डब्यात पोळी जाते, चहासोबत बिस्कीट असतं. ताट बदललं, तर डॉक्टरच्या मनातला संशयही बदलायला नको का?

लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही, उंची अडलेली, पोट पुढे आलेलं, शौच पातळ. अशा लेकराला दर वेळी जंताचं औषध देऊन घरी पाठवू नका. ज्याला लहानपणापासून इन्सुलिन लागतं त्याची, आणि सिलिअ‍ॅक निघालेल्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करा. जुलाब नसले तरी हा आजार असू शकतो. पण गॅस झालेल्या प्रत्येकानं लॅबकडे धावायचं कारण नाही.

आता पॅकेजवाल्यांकडे वळू. "एका नमुन्यात शे-दोनशे पदार्थांची असहिष्णुता ओळखा" अशा जाहिराती येतात. त्यात बहुधा आयजीजी या वेगळ्या प्रकारची प्रतिद्रव्यं मोजतात. एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीजी रक्तात असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढंच! युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेनं 2012 मध्ये ही चाचणी या कामासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. तरी हजारो रुपये मोजून बाया गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, तूरडाळ यांवर लाल खुणा असलेला कागद घरी नेतात. आधीच अशक्त बाईच्या ताटातून शेंगदाणा काढून घेणं, याला आम्ही उपचार म्हणत नाही.

दुधाचा मामला वेगळा. जगातल्या बहुसंख्य माणसांत दुधातली साखर पचवणारं विकर लहानपणानंतर कमी होतं. हा आजार नव्हे. दोन आठवडे दूध थांबवा, फरक पडतो का पाहा, मग पुन्हा प्या. खात्रीच हवी तर श्वासातला हायड्रोजन मोजणारी चाचणी असते. ज्यांना पेलाभर दूध सोसत नाही त्यांनाही चहातलं दूध, दही, ताक बहुधा चालतं. तुपात ही साखर जवळपास नसतेच. तान्ह्या बाळाला दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञच हवा.

सिलिअ‍ॅक ठरलाच, तर महागड्या 'ग्लूटेन-फ्री' पुड्यांआधी आपली ज्वारी आठवा. मालदांडी असो वा परभणीच्या विद्यापीठाचं वाण, तिच्यात हे ग्लूटेन नाही. भाकर, अंबील, हुरडा सगळं चालतं. घात करते ती गिरणी. गव्हामागोमाग त्याच जात्यावर ज्वारी दळली की पीठ बाटलं. फोडणीचा बांधानी हिंगही बहुधा मैद्यात बांधलेला असतो, आणि मेतकुटात अनेक घरी गहू असतो. 'ग्लूटेन-फ्री' छापायला एका किलोत 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. इतक्या कमी ग्लूटेनची गोष्ट आहे ही.

म्हणून आमची मागणी. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेनं ओपीडीच्या भिंतीवर मराठीत फलक लावावा: टीटीजी-आयजीए होते का, किती रुपयांत, रिपोर्ट कधी. अंगणवाडी-शाळेत लेकरं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी न सुधारणारा रक्तक्षय असलेली लेकरं या चाचणीसाठी पाठवावीत. आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यही लिहिलेलं आहे, तेव्हा निदानाचा कागद दाखवणाऱ्याच्या शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी ज्वारी द्यावी. रेशन दुकानदाराशी भांडू नका, त्याच्या हातात ते नाही. ज्वारीसाठीच्या अर्जाला हे पत्रक जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि पोच घ्या.